दिवा कोणाचा, तेल कोणाचे?

डिसेंबर २०२३ मध्ये नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात, विधान परिषदेत ‘सारथी’च्या अधिछात्रवृत्तीची चर्चा चालू असता तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी सवाल केला, हे विद्यार्थी पीएच.डी. करून काय दिवे लावणार आहेत? सवालावर गदारोळ झाला, खुलासे झाले आणि महाराष्ट्राच्या रिवाजाप्रमाणे थोड्याच दिवसांत सारे विस्मरणात गेले. वास्तविक सवाल टाकाऊ नव्हता. तो हेटाळणीच्या सुरात विचारला गेला, ही त्यातील उणीव. आणि त्याचे उत्तर कोणी गांभीर्याने दिले नाही, ही त्याहून मोठी उणीव. अधिवेशन भरते त्या नागपूरहून जेमतेम पाऊणशे किलोमीटरवर वर्धा आहे. तेथील मगनवाडीत संशोधकांनी एकदा खरोखरीचा दिवा लावून दाखविला होता. तो दिवा कशासाठी लावला गेला आणि त्याचे तेल कोठून आले, हे समजून घेतले, तर आज जगभर गाजत असलेल्या ‘पुरवठा साखळीची लवचीकता आणि शाश्वतता’ या भारदस्त विषयाचे मर्म हाती लागते. या विषयावरील संशोधनाला पैसा कोणी द्यावा, या प्रश्नाचा निवाडाही तेथेच होतो.

मगनवाडीचा धडा

१९३४ च्या डिसेंबरात अखिल भारत ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली. जमनालाल बजाज यांनी दिलेल्या जागेत, मगनलाल गांधींच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मगनवाडीत, संघाचे काम सुरू झाले. संघाचे सूत्रधार जे. सी. कुमारप्पा हे लंडनमध्ये हिशेबतपासनीस झालेले आणि अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकलेले गृहस्थ. सार्वजनिक वित्तव्यवहार आणि भारताचे दारिद्र्य हा त्यांच्या तेथील प्रबंधाचा विषय होता. परतल्यावर त्यांनी गुजरातेत मातर तालुक्याची आर्थिक पाहणी घरोघर जाऊन केली. संघाच्या सल्लागारांत रवींद्रनाथ ठाकूर, जगदीशचंद्र बोस, प्रफुल्लचंद्र राय आणि चंद्रशेखर वेंकट रामन ही नावे होती. तेलघाणी, हातकागद, भातसडी, मधमाशीपालन यांसारख्या ‘क्षुल्लक’ गोष्टींच्या अभ्यासासाठी देशातील पहिल्या प्रतीचे वैज्ञानिक आपले नाव देत होते, हे आजच्या विद्यापीठांनी ध्यानात घ्यावे असे आहे.

याच मगनवाडीत ‘मगनदीप’ तयार झाला. रॉकेलऐवजी वनस्पती तेलावर जळणारा तो कंदील होता. वरवर पाहता ही साधी युक्ती. पण तिच्यामागे एक प्रश्न होता : खेड्यातला उजेड परदेशी कंपनीच्या पिंपावर का अवलंबून असावा? या प्रश्नाचे उत्तर काळाने लवकरच दिले. मार्च १९४२ मध्ये रंगून जपान्यांच्या हाती पडले. ब्रह्मदेशातून येणारे रॉकेल थांबले आणि त्याबरोबर तांदूळही थांबला. १९४३ च्या बंगालच्या भीषण दुष्काळामागील अनेक कारणांपैकी हे एक. आज ज्याला पुरवठा साखळी तुटणे म्हणतात, ते हिंदुस्थानच्या वाट्याला अशा रीतीने आले. ज्या गावात घाणी चालू होती, तेथील दिव्याला रंगूनची वाट पाहावी लागत नव्हती. लवचीकता याहून वेगळी काय असते? आणि कुमारप्पांनी १९४५ मध्ये तुरुंगात बसून ज्या चिरस्थायी अर्थव्यवस्थेची मांडणी केली, तिलाच पुढे पाश्चात्त्य विद्यापीठांनी शाश्वतता हे नाव देऊन पदव्या वाटण्यास प्रारंभ केला.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. हा ‘आमच्याकडे सारे आधीच होते’ अशी टिमकी वाजविण्याचा प्रकार नव्हे. जे होते ते टिकविले का, वाढविले का, त्याच्यावर पुढचा विद्यार्थी उभा केला का, हा खरा प्रश्न. त्याचे उत्तर लाजिरवाणे आहे.

मँचेस्टरचा अभ्यास, हिंगणघाटचा कापूस

वर्ध्याच्या खोऱ्यात पुरवठा साखळीचा पद्धतशीर अभ्यास मगनवाडीच्याही आधी होऊन गेला होता. मात्र तो वर्ध्यासाठी नव्हता. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी झाली आणि लँकेशायरच्या गिरण्यांचा श्वास कोंडला. कारण त्यांचा तीन चतुर्थांशाहून अधिक कापूस एकट्या अमेरिकेतून येत असे. एकाच स्रोतावर विसंबण्याचा धोका ओळखून मँचेस्टरच्या व्यापाऱ्यांनी १८५७ मध्येच कापूस पुरवठ्यासाठी स्वतंत्र मंडळ स्थापले होते. आता त्यांचे डोळे वऱ्हाड आणि वर्ध्याकडे वळले. १८६२ मध्ये वर्धा हा नागपूरपासून वेगळा, स्वतंत्र जिल्हा झाला. १८६७ पर्यंत मुंबईची रेल्वे वर्ध्यावरून नागपूरला पोहोचली. हॅरी रिव्हेट-कार्नॅक यांच्यासारखा अधिकारी खास कापूस आयुक्त म्हणून नेमला गेला. त्याने गावोगाव फिरून अहवाल लिहिले. हिंगणघाटी वाणाच्या लांब धाग्याची ख्याती तर थेट इंग्लंडच्या बाजारात होती.

अभ्यास उत्तम होता. पण तो कोणत्या प्रश्नांचा होता? कापूस मुंबई बंदरात लवकर कसा पोहोचेल, त्यात माती-कचरा किती असतो, गाठ घट्ट कशी बांधावी, मधला दलाल कसा टाळावा. कापूस पेरणाऱ्याच्या घरात ज्वारी किती दिवस पुरते, हा त्या अभ्यासाचा विषय नव्हता. कारण अभ्यासाचा खर्च ज्यांनी केला, त्यांना त्या उत्तराची गरज नव्हती. यादवी युद्ध १८६५ मध्ये संपले, भाव कोसळले, मुंबईचा शेअरबाजार बुडाला. मँचेस्टरची साखळी मात्र वाचली. पुढे १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत मध्य प्रांत आणि वऱ्हाडात माणसे किड्या-मुंग्यांसारखी मेली, तेव्हा रेल्वे होती, तारायंत्र होते, सरकी काढण्याचे कारखाने होते. नव्हती ती शेतकऱ्याच्या टोकाची लवचीकता. पुढे नामांकित हिंगणघाटी ‘बनी’ वाणही मागे पडला आणि जाड्याभरड्या ‘जरी’ कापसाने शिवारे भरली.

संशोधनाचा पैसा ज्याचा, प्रश्न त्याचा. आणि प्रश्न ज्याचा, साखळीचे संरक्षण त्याचे. हा नियम तेव्हा होता, आजही आहे.

नव्या काळातील जुना खेळ

आजचे चित्र पाहा. मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत वाहतूक व मालपुरवठा या विषयाचे केंद्र १९७३ पासून आहे. तेथील योसी शेफी यांनी २००५ मध्ये उद्योगांच्या लवचीकतेवर ग्रंथ लिहिला, तेव्हा आपल्याकडील व्यवस्थापनाच्या वर्गांत हा शब्द फारसा पोहोचलाही नव्हता. २०२० च्या महासाथीने साऱ्या जगाला हा विषय शिकविला. मार्च २०२१ मध्ये सुएझ कालव्यात एक जहाज आडवे झाले आणि सहा दिवस युरोप-आशियाचा व्यापार खोळंबला. त्यानंतर युरोपात आणि अमेरिकेत या विषयावर पीएच.डी. करणाऱ्यांसाठी निधीचे दरवाजे उघडले. युरोपीय संघाच्या मेरी स्क्लोडोव्स्का-क्युरी योजनेत विद्यापीठे आणि उद्योग एकत्र येऊन संशोधक विद्यार्थ्यांना पगारावर नेमतात. विद्यार्थी तेथे याचक नसतो, कर्मचारी असतो. हे अनुकरणीय आहे, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे.

पण त्या संशोधनातून काय निघते? त्यातून कायदे निघतात, निकष निघतात, प्रमाणपत्रे निघतात. अमेरिकेने डिसेंबर २०२१ मध्ये कायदा करून चीनच्या शिनजियांगमधील मालाला, म्हणजे तेथील कापसालाही, जून २०२२ पासून दारे बंद केली. जर्मनीचा पुरवठा साखळी कायदा जानेवारी २०२३ पासून लागू झाला. युरोपीय संघाने २०२४ मध्ये याच धर्तीचा निर्देश संमत केला. पुढे त्याच्या अटी सैल करण्याच्या हालचाली झाल्या, हा भाग निराळा. या साऱ्यांचा हेतू वाईट म्हणता येणार नाही. वेठबिगारी नको, विषारी रंग नकोत, नद्या नासू नयेत, हे कोणाला अमान्य असेल? परंतु सदऱ्याचा धागा कोणत्या शेतातून आला, याचा पुरावा द्यायचा कोणी? अखेर देवळीच्या, सेलूच्या, समुद्रपूरच्या चार-पाच एकरांच्या कास्तकाराने. पुराव्याचा खर्च त्याचा, प्रमाणपत्र गिऱ्हाइकाचे! निकष जेथे ठरतात त्या खोलीत त्याच्या बाजूचा एकही अभ्यासक नसतो.

आता याच साखळीचे देशांतर्गत टोक पाहू. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरील आयातशुल्क पन्नास टक्क्यांवर नेले. कापड उद्योग हादरला. त्याला दिलासा म्हणून केंद्राने कापसावरील अकरा टक्के आयातशुल्क १९ ऑगस्टपासून माफ केले आणि ती सवलत वर्षअखेरपर्यंत वाढविली. लाखो कामगारांच्या रोजगाराचा प्रश्न होता, हे खरे. पण त्याच वेळी विदर्भाच्या शेतात बोंडे भरत होती. मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७,७१० रुपये जाहीर झालेला. परंतु कापूस महामंडळाच्या केंद्रावर आठ टक्क्यांपर्यंत ओलावा असेल तरच पूर्ण भाव, बारा टक्क्यांच्या वर गेला की खरेदी नाही. दिवाळीच्या सुमारास आठवडाभर पाऊस लागला, की वेचणीचा कापूस ओला, घरात ठेवायला जागा नाही आणि सणाला हाती पैसा नाही. शेतकरी हमीभावाच्या केंद्राकडे पाठ फिरवून खासगी व्यापाऱ्याच्या दारात उभा राहतो. साखळीच्या एका टोकाला दिलेला आधार दुसऱ्या टोकाला किती महागात पडला, याचे गणित कोणी मांडायचे? गिरण्यांच्या संघटनांकडे आकडे असतात, सल्लागार असतात. कास्तकाराच्या बाजूने आकडे मांडणारा विद्वान कोठे आहे?

आठ हजारांचा विद्वान

तो विद्वान वर्ध्यातच असू शकतो. पण त्याला जगविण्याची आपली तयारी नाही. वर्ध्यात महात्मा गांधींच्या नावाचे हिंदी विश्वविद्यालय आहे, संसदेच्या १९९६ च्या कायद्याने स्थापन झालेले केंद्रीय विद्यापीठ. मगनवाडीत महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था आहे. १९३८ च्या डिसेंबरात गांधीजींनी उद्घाटन केलेले मगन संग्रहालय आहे. नागपुरात १९७६ पासून केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे. कमतरता इमारतींची नाही.

विद्यार्थ्याची अवस्था पाहा. केंद्रीय विद्यापीठात ‘नेट’च्या कनिष्ठ अधिछात्रवृत्तीविना पीएच.डी. करणाऱ्याला २०१२ मध्ये दरमहा आठ हजार रुपये ठरले आणि पुढे दशकभर त्यात एका रुपयाची वाढ झाली नाही. त्याच काळात कनिष्ठ अधिछात्रवृत्ती सोळा हजारांवरून २०२३ पर्यंत सदतीस हजारांवर गेली. २०१८ मध्ये आलेल्या पंतप्रधान संशोधन अधिछात्रवृत्तीची सुरुवात सत्तर हजारांपासून झाली, आणि ते योग्यच होते; बुद्धिमान तरुण देशात राहिला पाहिजे. पण ती प्रामुख्याने आयआयटीसारख्या मोजक्या संस्थांची. एकाच देशात, एकाच पदवीसाठी, एकाच्या हाती सत्तर हजार आणि दुसऱ्याच्या हाती आठ हजार! राज्याच्या विद्यापीठांतील कित्येकांना तेही नाहीत. ‘सारथी’, ‘बार्टी’, ‘महाज्योती’ या राज्याच्या संस्थांच्या विद्यार्थ्यांना तर अधिछात्रवृत्तीसाठी आंदोलनाच्या मांडवात बसावे लागले. प्रबंधाचे एक प्रकरण लिहून व्हावे एवढा काळ ज्याचा निवेदने देण्यात जातो, त्याच्याकडून दिव्याची अपेक्षा करायची?

परिणाम ठरलेला आहे. अशा विद्यार्थ्याला शेत ते गिरणी असा तीन हंगाम पाठलाग करावा लागणारा विषय परवडत नाही. तो ग्रंथालयात बसून होणारा विषय घेतो. इंग्रजी पुस्तकांतील व्याख्या उतरवितो, शंभर प्रश्नावल्या भरून घेतो आणि पदवी पदरात पाडतो. धोरणानेही त्याला हीच वाट दाखविली. विद्यापीठातील सहायक प्राध्यापकपदासाठी पीएच.डी. अनिवार्य करण्याचा नियम २०१८ मध्ये झाला, त्याची अंमलबजावणी पुढे ढकलली गेली आणि २०२३ मध्ये तो मागेही घेतला गेला. मधल्या काळात पीएच.डी. म्हणजे ज्ञान नव्हे, तर नोकरीचे तिकीट, हा समज मात्र दृढ झाला.

न लिहिलेले प्रबंध

विषय नाहीत म्हणावे, तर वर्धा जिल्हा विषयांनी ओसंडतो आहे. १९७२ पासून सुमारे तीन दशके महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी योजना चालली. एका राज्याने एका पिकाची संपूर्ण साखळी हाती घेण्याचा तो प्रयोग का फसला, त्यातील काय वाचविण्याजोगे होते, याचा अभ्यास आज हमीभावाच्या चर्चेला उपयोगी पडेल. २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली आणि बघता बघता देशातील नव्वद टक्क्यांहून अधिक कापूसक्षेत्र त्याखाली गेले. पुढे गुलाबी बोंडअळी त्याला पुरून उरली. लँकेशायरने १८६१ मध्ये एकाच स्रोताचा धोका अनुभवला. वर्ध्याच्या शेतकऱ्याने तो बियाण्याच्या पिशवीत अनुभवला. २००६ मध्ये पंतप्रधानांनी विदर्भातील सहा आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींची योजना जाहीर केली, त्यात वर्धा होता. तो पैसा साखळीच्या कोणत्या कडीला बळ देऊन गेला?

आणि नव्या संधीही आहेत. २० सप्टेंबर २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी वर्ध्यातूनच अमरावतीच्या पीएम मित्र वस्त्रोद्योग उद्यानाची पायाभरणी केली. शेत ते धागा, धागा ते कारखाना, तेथून वेशभूषा आणि परदेशी बाजार, असे त्यामागील सूत्र आहे. समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला; ७०१ किलोमीटरचा हा रस्ता वर्धा जिल्ह्यातून जातो. सिंदी (रेल्वे) येथे कोरड्या बंदराची योजना आहे. ‘कस्तुरी’ या नावाने भारतीय कापसाची स्वतःची ओळख व माग काढण्याची व्यवस्था उभी राहिली आहे. ही पावले स्वागतार्ह आहेत. पण रस्ता मँचेस्टरनेही बांधला होता. या नव्या रस्त्यावरून कापसाची गाठ बाहेर जाईल, की गावात कापडाचा पैसा आत येईल, हे डांबर ठरवीत नाही, अभ्यास आणि धोरण ठरवितात. शंभर किलो कापसातून चौतीस-पस्तीस किलो रुई आणि बाकी बहुतेक सरकी निघते; या प्रत्येक किलोचे मूल्य कोठे वाढते आणि कोणाच्या खिशात थांबते, एवढा एक प्रबंध जरी तालुकावार झाला, तरी दहा परिषदांचे काम होईल.

दोन आक्षेप

कोणी म्हणेल, जो शेतकरी कर्जाखाली आहे त्याला पीएच.डी.शी काय देणे-घेणे? आधी वीज द्या, पाणी द्या. युक्तिवाद ऐकायला गोड आहे. पण विहीर कोठे खणावी हे सांगायलाही भूजलाचा जाणकार लागतोच. अज्ञानाच्या पायावर दिलेली मदत किती टिकते, हे विदर्भाने २००६ नंतर पाहिले आहे. दुसरा आक्षेप असा, की उद्योगांना गरज असेल तर उद्योग संशोधन करवून घेतील, सरकारने पैसा का घालावा? उद्योग जरूर करवून घेतील. मात्र प्रश्न त्यांचे असतील. वर्ध्याच्या खोऱ्याने हा अनुभव एकदा घेतला आहे.

पैसा नाही, ही सबब तर आता चालणारी नाही. अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाचा कायदा २०२३ मध्ये झाला. त्यासाठी पाच वर्षांत पन्नास हजार कोटींचे उद्दिष्ट ठेवले गेले आणि त्यातील छत्तीस हजार कोटी सरकारबाहेरून, मुख्यतः उद्योगांकडून यावेत अशी अपेक्षा आहे. जुलै २०२५ मध्ये संशोधन, विकास व नवोन्मेषासाठी एक लाख कोटींच्या योजनेलाही मान्यता मिळाली. प्रश्न इतकाच, की या गंगेचा एखादा पाट बोर आणि वेणा नद्यांच्या काठी येणार की नाही?

तर काय व्हावे?

पहिले, पुरवठा साखळीच्या संशोधनासाठी मिळणारी अधिछात्रवृत्ती विद्यापीठाच्या पाटीवर नव्हे, कामाच्या गुणवत्तेवर ठरावी. आणि कोणाही पूर्णवेळ संशोधकाला कनिष्ठ अधिछात्रवृत्तीहून कमी मिळू नये. दुसरे, विषय निवडणाऱ्या समितीत प्राध्यापकांबरोबर कास्तकार, जिनिंगचालक आणि बाजार समितीचा माणूस बसावा. तिसरे, विद्यार्थ्याने किमान दोन हंगाम शिवारात आणि बाजारात काढावेत. चौथे, प्रबंधाचा मराठी गोषवारा हिंगणघाटच्या बाजार समितीत शेतकऱ्यांसमोर वाचला जावा. जो निष्कर्ष तेथे टिकतो, तो कोणत्याही परिषदेत टिकेल. पाचवे, नावापुरत्या प्रबंधांना या निधीतून एक पैसाही मिळू नये. समाजाचा पैसा मागायचा, तर समाजाला हिशेब द्यावाच लागेल.

ज्या जिल्ह्यातील आर्वी या गावी दत्तोपंत ठेंगडी जन्मले, त्या जिल्ह्याला स्वदेशीचा अर्थ बाहेरून शिकविण्याची गरज नाही. भारतीय मजदूर संघ, भारतीय किसान संघ आणि स्वदेशी जागरण मंच या तिन्ही संघटना उभारणाऱ्या ठेंगडींनी स्वदेशीकडे निव्वळ वस्तूंच्या बहिष्काराच्या नजरेने कधी पाहिले नाही; तिला त्यांनी देशभक्तीचा व्यावहारिक आविष्कार मानले. त्या अर्थाने आज सर्वांत तातडीची स्वदेशी आहे ती प्रश्नांची. परदेशी साबण दूर सारणे सोपे. परदेशी प्रश्न दूर सारून स्वतःच्या मातीतील प्रश्न विचारणे कठीण. सुशिक्षित मध्यमवर्गीय घरांतील मुलामुलींनी या विषयांकडे वळावे, आणि वळणाऱ्याला ‘यात पैसा किती?’ असे घरातूनच विचारले जाऊ नये, ही जबाबदारी शासनाची तशीच कुटुंबांचीही आहे.

पीएच.डी. करून काय दिवे लावणार, हा सवाल विधिमंडळाने जरूर विचारावा, दरवर्षी विचारावा. पण विचारणाऱ्याने दिव्यात तेल घातले आहे का, हेही एकदा पाहावे. ते तेल गावच्या घाणीचे नसेल, तर रंगूनचे असेल. आणि रंगूनचे तेल कधी आटेल, हे वर्ध्याच्या हाती नसते.